मासा बदनाम, काकडी निर्दोष?

मागच्या महिन्यात आमच्या विंगमध्ये एक जुनी बातमी मोबाईलवरून फिरत होती. 2018 सालची. अमेरिकेतल्या फ्रेस्नो शहरात एक माणूस दवाखान्यात आला, तो पोटातून निघालेला साडेपाच फुटी किडा पिशवीत घेऊनच! रोज कच्चा सॅमन मासा खायची त्याला आवड. बातमी वाचून सगळ्यांनी "शीऽऽ" केलं आणि आमच्यातल्या शाकाहारी मंडळींनी लगेच कॉलर ताठ केली. "म्हणून सांगतो लेका, मासे खाऊ नका!"

मी कुरुंद्याचा. वसमत तालुका, हळदीचा आणि केळीचा मुलूख. आमच्या बाजारात धरणाचे रोहू-कटला येतात, पण कच्चा मासा खाणारा माणूस मी गावात अजून पाहिलेला नाही. रस्सा रटरटल्याशिवाय आई पातेलं खाली उतरवत नाही. आणि तिथेच हा किडा संपतो. माशातल्या टेपवर्मचा, म्हणजे पट्टकृमीचा, प्रवास असा : माणसाच्या शौचातून अंडी गोड्या पाण्यात, तिथून पाण्यातल्या बारीक जिवांत, त्यांना खाणाऱ्या छोट्या माशात, मग मोठ्या माशात आणि मासा कच्चा खाल्ला तर परत माणसात. पोटात तो दहा मीटरपर्यंत वाढू शकतो. म्हणजे आपल्या हॉस्टेलच्या तीन मजल्यांएवढा! पण मासा आतपर्यंत 63 अंश सेल्सिअसला शिजवला किंवा उणे 20 अंशांवर सात दिवस गोठवला की खेळ खलास. थोडक्यात, पुण्यात नोकरी लागल्यावर सुशी खायला जाणाऱ्यांनी जरा चौकशी करावी, बाकीच्यांनी रस्सा बिनधास्त ओरपावा.

मग हा लेख कशाला? सांगतो.

सेकंड इयरला असताना माझ्या शेजारच्या खोलीतल्या मित्राला रात्री फिट आली. कोणी कांदा आणला, कोणी चप्पल हुंगवली. खरं तर त्याला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही आणि फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर सरळ दवाखाना गाठायचा, एवढंच करायचं असतं. आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. पुढे तपासणीत मेंदूत एक छोटी गाठ दिसली. डॉक्टर म्हणाले, टेपवर्मच्या अळीची गाठ आहे, औषधाने बरी होईल. झालं! माळकरी घरचा पोरगा, अंडंसुद्धा न खाणारा. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये कुजबुज सुरू, "गुपचूप हाणत असणार!" फिटपेक्षा त्याला हे जास्त लागलं. महिनाभर तो मेसमध्ये आमच्यासोबत बसला नाही.

त्या कुजबुजीत मीही होतो. म्हणून हे लिहितोय.

हा टेपवर्म माशातला नाही, डुकरातला. अर्धवट शिजलेलं डुकराचं मांस खाल्लं तर तो आतड्यात वाढतो. पण मेंदूतली गाठ मांसातून येत नाही, ती येते त्याच्या अंड्यांतून. पोटात टेपवर्म असलेल्या माणसाच्या शौचातून अंडी बाहेर पडतात आणि मातीतून, पाण्यातून, न धुतलेल्या हातांतून दुसऱ्याच्या ताटात पोचतात. ताटातला कुठला पदार्थ शिजत नाही? काकडी, मुळा, कोथिंबीर, कोशिंबीर! 1992 साली न्यूयॉर्कमध्ये डुकराला कधीही न शिवणाऱ्या सनातनी ज्यू लोकांत हाच आजार सापडल्याची नोंद प्रसिद्ध झाली होती. जागतिक आरोग्य संघटना सांगते की हा आजार मुरलेल्या भागांत अपस्माराच्या सुमारे 30 टक्के रुग्णांमागे हेच कारण असतं. तेव्हा "मी शाकाहारी, मला काय होतंय" हा भ्रम सोडा आणि "याने काय खाल्लं असेल" हा संशयही.

2022 च्या जुलैमध्ये कुरुंद्यात पुराचं पाणी घराघरांत शिरलं. शेत, संडास, नाली, विहीर, सगळ्यांचं पाणी एक झालं. पाणी ताटात बघून जात नाही, कोण काय खातो ते.

आता कोणी म्हणेल, हे काही आपल्या हातात नाही. आहे ना! आजीला विचारा, नारू काय होता ते. बारवेत पाय बुडवून पाणी भरायचं, पायातल्या नारूच्या अळ्या त्या पाण्यात सुटायच्या, सायक्लॉप्स नावाचे बारीक जीव त्या गिळायचे आणि तेच पाणी गाव प्यायचं. वर्षभराने घोट्याजवळ फोड फुटून हातभर दोरा बाहेर. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. यावर ना लस होती, ना तो मारणारं औषध. तरी दुपदरी फडक्यातून पाणी गाळून, पायऱ्यांच्या विहिरी बंद करून, हातपंप बसवून देशाने त्याला हाकललं. शेवटचा रुग्ण जुलै 1996 मध्ये, राजस्थानात. 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. आजीच्या पिढीने फडक्याने जे केलं ते आपण इंजिनिअर लोक साबणाने करू शकत नाही?

म्हणून माझं म्हणणं असं. कोशिंबिरीच्या भाज्या वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, काकडी-मुळ्याची सालं काढा. मेसच्या बेसिनवर आणि संडासाबाहेर साबण कायम हवा. आज बेसिनवर साबणाची डबी आहे, साबण नाही. स्वयंपाकघरातल्या काका-मावशींची वर्षातून एकदा तपासणी व्हावी, खर्च कॉलेजने करावा, आणि दोष निघाला तर पगारी रजा आणि औषध मिळावं, हकालपट्टी नाही. नाहीतर उद्या तेही लपवतील, जसा माझा मित्र तोंड लपवत होता.

तो आता ठणठणीत आहे. परवा मेसमध्ये त्याने कोशिंबिरीची वाटी माझ्याकडे सरकवली आणि विचारलं, "धुतलीय का रे?" मला सांगता आलं नाही.

तुम्हाला येईल?