आधी थांबणे, मग धावणे



पनवेल तालुक्यातील गव्हाण हे गाव तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. १९८९ साली न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि कंटेनर ओढणारे लांबलचक ट्रेलर गव्हाण फाट्यावरून जाऊ-येऊ लागले. जानेवारी २०२४ मध्ये याच भागात उतरणारा अटल सेतू खुला झाला. त्यावर मोटारींना ताशी १०० कि.मी. वेगाची मुभा आहे. आता अशा रस्त्यांवर एक जुनी प्रीमियर पद्मिनी चालली आहे, अशी कल्पना करा.

पद्मिनी म्हणजे मूळची इटलीची फियाट ११००. १९६४ साली तिचे 'डिलाइट' हे रूप आले आणि पुढे १९७४ पासून ती पद्मिनी म्हणून ओळखली जाऊ लागली. मुंबईच्या कुर्ल्यात ती तयार होई. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिने ऑक्टोबर २०२३ पर्यंत सेवा केली. आजही काही हौशी मंडळी ही गाडी जिवापाड जपतात. पण जुनी गाडी हाती आली की अनेकांचा पहिला प्रश्न असतो, "हिला जास्त ताकदीचे इंजिन बसवता येईल का?" माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा : "ही गाडी किती अंतरात थांबते?"

थोडे गणित करून पाहू. दोन माणसांसह पद्मिनीचे वजन सुमारे १,००० किलो धरा. ती ताशी ९० कि.मी., म्हणजे सेकंदाला २५ मीटर वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा सुमारे ३१२ किलोज्यूल होते. गाडी थांबते तेव्हा ही ऊर्जा कोठे जाते? बहुतेक सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन बाहेर पडते. एवढ्या उष्णतेने एक लिटर साधे पाणी उकळीला येईल! वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते आणि ब्रेक दाबल्यापासून लागणारे अंतरही चौपट होते. ताशी ४० कि.मी. वेगाची गाडी चांगल्या रस्त्यावर १० मीटरमध्ये थांबत असेल, तर ताशी ८० ला तिला ४० मीटर लागतील. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद धरला, तर आणखी २२ मीटर त्यात मिळवा.

पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. फिरत्या ड्रमच्या आत दोन ब्रेक शू असतात. ते बाहेरच्या बाजूस फाकून ड्रमला घासतात. ड्रम बंदिस्त असल्यामुळे उष्णता लवकर बाहेर पडत नाही. बोरघाट उतरताना ब्रेक पुन्हा पुन्हा दाबले, तर लोखंडी ड्रम तापून प्रसरण पावतो व शूपासून दूर सरतो. लायनरही तापतात आणि त्यांचे घर्षण कमी होते. पाय खाली जातो, पण गाडी हवी तशी आवरत नाही. डिस्क ब्रेकमध्ये उघडी चकती दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली जाते. तिला वारा लागतो, म्हणून ती लवकर निवते. १९५३ साली फ्रान्समधील ल मान्सची २४ तासांची शर्यत डिस्क ब्रेक असलेल्या जग्वार गाडीने जिंकली आणि या ब्रेकचे महत्त्व जगाला पटले.

गंमत अशी की, १९६४ साली अमेरिकेत निघालेल्या पाँटिअॅक जीटीओ या दांडग्या गाडीला ६.४ लिटरचे इंजिन होते, पण ब्रेक मात्र चारही ड्रमच! धावण्याची हौस थांबण्याच्या विचारापुढे कशी पळते, याचे याहून चांगले उदाहरण कोणते?

आता पुढच्या सस्पेन्शनकडे वळू. एसटीचा ड्रायव्हर करकचून ब्रेक लावतो, तेव्हा उभे प्रवासी पुढे झुकतात. गाडीचेही तसेच होते. पद्मिनीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतर २.३४ मीटर आहे. जोराचा ब्रेक लागला की मागच्या चाकांवरचा सुमारे दीडशे किलोचा भार पुढच्या चाकांवर जातो. म्हणजे थांबवण्याचे बहुतेक काम पुढची चाके करतात. ती चाके जागच्या जागी धरणारे बुश झिजले असतील किंवा शॉकअप निकामी झाले असतील, तर चाक उड्या मारते व गाडी एका अंगाला ओढते. हवेत उडालेले चाक ब्रेक कसा लावणार?

म्हणून माझा क्रम असा आहे. आधी टायर पाहा. ते गोटा झाले असतील, तर उत्तम डिस्कही व्यर्थ, कारण रस्ता धरून ठेवतो तो टायरच. मग पुढचे बुश, सांधे आणि शॉकअप. मग ब्रेक. इंजिन सर्वांत शेवटी. नुसत्या डिस्क आणून ठोकल्या, की काम झाले असेही नाही. त्यांना पायाचा जोर वाढवणारा बूस्टर लागतो. शिवाय पुढून पकड वाढली की मागची चाके अधिक हलकी होतात. तेथील ब्रेकचा जोर बेताचा ठेवला नाही, तर मागची चाके आधी जाम होतात आणि गाडी गर्रकन फिरते. हे जाणत्या मेकॅनिकचेच काम आहे. नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरतील असे बदल करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमाने मनाई आहे, तेव्हा आधी आर.टी.ओ.त विचारून घेणे बरे.

काही जण म्हणतील, "पण मग जुनी गाडी जुनी कशी राहील?" हा आक्षेप पोकळ नाही. जुने यंत्र त्या काळच्या माणसांनी कसा विचार केला ते सांगते. संग्रहालयात ठेवायची गाडी जशीच्या तशी ठेवावी. मूळ ब्रेक ठेवूनही गाडी चालवता येते, पण मग ते उत्तम स्थितीत हवेत आणि वेग त्यांना झेपेल इतकाच हवा. वेगवान रस्त्यावर इतरांच्या बरोबरीने धावायचे असेल, तर ब्रेकही त्या तोडीचे हवेत. काढलेले ड्रम तेल लावून पेटीत जपून ठेवता येतात, ते पुन्हा बसवताही येतात. रस्ता ओलांडणारे मूल मात्र परत आणता येत नाही. इंजिनाच्या ताकदीचा आनंद मालकाला मिळतो. ब्रेकचा उपयोग मात्र ज्याने ती गाडी कधी पाहिलीही नाही, अशा वाटसरूलाही होतो.

तुमच्यापैकी बहुतेकांकडे आज मोटार नसेल, पण सायकल असेल. आजच तिच्या पुढच्या ब्रेकचे रबर पाहा. पुढचे चाक हातात धरून आडवे हलवा. खडखड वाजले, तर घंटी व आरसे घेण्याआधी ते काम करून घ्या.