अर्धवर्तुळाचं बारसं

परवा कोथरूडला, एआरएआय टेकडीखाली, सेकंडहँड ई-स्कूटर बघायला गेलो. दुकानदाराने बॅटरीला मीटर लावला. "इंटर्नल रेझिस्टन्स एकदम मस्त, साहेब!"

मीटर १ किलोहर्ट्झचा. अहो, तिथे दिसतो मुख्यतः इलेक्ट्रोलाइटचा आणि जोडण्यांचा रोध. इलेक्ट्रोडवरचा चार्ज-ट्रान्सफर सहसा १०० हर्ट्झच्या खाली सापडतो.

त्याला तरी कशाला हसा? आपण इंजिनिअर लोक अख्खा नायक्विस्ट आलेख काढतो आणि अर्धवर्तुळ दिसलं की लगेच त्याचं बारसं करतो: "हा ॲनोड!" कशावरून? दोन टोकांवर मोजली जाते ती ॲनोड-कॅथोडची बेरीज. तिसरा, संदर्भ इलेक्ट्रोड नसेल तर वाटणी कोण करणार? त्यात एकाच आलेखावर दोन-तीन वेगळी सर्किटं चपखल बसतात (सॉफ्टवेअर बिचारं तक्रार करत नाही). आणि तापमान, चार्ज किती होता, हे न सांगता फेकलेला आकडा म्हणजे निव्वळ थाप.

स्कूटर घेतली नाही. दुकानदाराला अजून कळलेलं नाही का ते.