काटा कुठे गेला?

मंडणगडला रेल्वे नाही. 1998 साली पूर्ण झालेली कोकण रेल्वे खेडवरून पुढे गेली आणि हा तालुका रस्त्याच्याच भरवशावर राहिला. मुंबईचा चाकरमानी लोणेऱ्याला महामार्ग सोडतो, आंबेतला सावित्री ओलांडून म्हाप्रळला येतो आणि चढण लागते. गणपतीचे दिवस, माणसांनी-सामानाने ठासलेली गाडी, एसी चालू, पुढे रांगणारा ट्रक, दुसरा गियर. इंजिन किती तापलंय हे नेमकं अशा वेळी कळायला हवं. पण शंभर वर्षांत उलटंच घडलं. यंत्राला जास्त कळू लागलं, चालकाला कमी.

कोकणच्या किनाऱ्याने तापलेलं इंजिन आधी पाहिलं ते आगबोटीत. बॉयलरला काचेची नळी असे, पाणी किती उरलं ते डोळ्यांना दिसे. मोटारीला सुरुवातीला तेवढंही नव्हतं. 1908 साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टीपैकी बहुतेक गाड्यांत पाण्याचा पंपच नव्हता. गरम पाणी वर चढतं आणि गार खाली उतरतं, एवढ्यावर काम भागे. रेडिएटरने वाफ सोडली की तोच इशारा. पुढच्या दशकात अमेरिकेत बॉइस मोटोमीटर आला. रेडिएटरच्या झाकणावर उभा तापमापक, चालकाने समोरच्या काचेतून वाचायचा. मग काटा डॅशबोर्डवर आला.

आपल्याकडे 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. घाट चढून झाल्यावर पाण्याचा डबा घेऊन खाली उतरणारा एसटीचा चालक जुन्या प्रवाशांना आठवत असेल. त्याचं निम्मं निदान नाकाने आणि कानाने होई.

आजच्या गाडीत नाक-कान फारसे कामाला येत नाहीत. कूलंट दाबाखाली असतो, त्यामुळे शंभर अंशांच्या पुढेही तो उकळत नाही आणि वाफ उशिरा दिसते. इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं. जास्त तापलं की ते वाकतं आणि गॅस्केट जाते. म्हणजे इशारा लवकर मिळण्याची गरज वाढली, आणि नेमका तेव्हाच अनेक छोट्या गाड्यांतून काटा गायब झाला. उरला तो लाल दिवा. काटा चढताना दिसतो, दिवा चढून झाल्यावर लागतो. काही गाड्यांत काटा आहे, पण तो मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो, गिऱ्हाईक उगाच घाबरू नये म्हणून! आणि कूलंट पुरता गळून गेला, तर कोरडा पडलेला सेन्सर खरं तापमान सांगेलच असं नाही.

गंमत अशी की अंशांतलं तापमान गाडीच्या कॉम्प्युटरकडे सतत जात असतं. मेकॅनिकने स्कॅनर जोडला की आकडा दिसतो. बहुतेक गाड्यांत मालकाला मात्र तो दाखवला जात नाही. सिनेमा दाखवणारा पडदा डॅशबोर्डवर बसवणाऱ्या कंपन्यांना दोन-तीन अंकांसाठी जागा सापडू नये, हे पटणारं नाही. नव्या गाडीत हा आकडा सक्तीचा करावा.

तोवर मंडणगडच्या वाटेवर लाल दिवा लागलाच, तर एसी बंद करा, हीटर पूर्ण चालू करा, जागा मिळताच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. आणि इंजिन गार होईपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका.