पन्नाशीची पद्मिनी आणि आपलाच ऊस

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या ऑफिसात वीकेण्डचे प्लॅन सुरू होतात. कुणी लोणावळा, कुणी मल्टिप्लेक्स, तर कुणी नुसतंच ‘झोप काढणार यार!’ माझा नंबर आला की मी सांगतो, ‘पणदऱ्याला चाललोय. गाडीचे पॉइंट घासायला.’ मग दोन सेकंद शांतता. पुढचा प्रश्न ठरलेला, ‘हे पणदरे कुठे आलं?’

पुण्याहून दिवे घाट उतरलात... सॉरी, चढलात की सासवड, मग जेजुरी, नीरा, आणि तिथून बारामतीच्या रस्त्याला लागलं की बारामतीच्या अलीकडे पणदरे. दोन्ही बाजूंना ऊस. हंगामात पुढे ट्रॉल्यांची रांग असली तर हॉर्न वाजवून उपयोग नाही, गाणी ऐकायची. तिथे माझ्या मामांच्या गोठ्याशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये एक १९७४ची प्रीमियर पद्मिनी उभी आहे. आजोबांनी नंबर लावून, काही वर्षं वाट पाहून घेतलेली. इंजिन १०८९ सीसी, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि गिअरची दांडी चक्क स्टिअरिंगला.

या गाडीचं आणि आमच्या भागाचं जुनं नातं आहे. शेजारच्या इंदापूर तालुक्यात ज्यांच्या नावाचं वालचंदनगर आहे, त्याच वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कारखाना मुंबईत कुर्ल्याला. फियाट ११०० डिलाइट १९६४ मध्ये आली आणि तिचीच पुढे १९७४ पासून ‘पद्मिनी’ झाली. म्हणजे इकडे साखर आणि तिकडे गाड्या, दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यातून.

दोन वर्षांपूर्वी मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. गाडी उभी राहिली ती राहिलीच. मग एक भंगारवाला येऊन आकडा सांगून गेला. मामांनी फोन केला, ‘आरं, देऊन टाकू का? तुला पायजे असली तर सांग. पण पायजे म्हणून न्यायची नि तिकडं झाकून ठेवायची, तसलं नको.’

मी जोशात ‘पायजे’ म्हणून बसलो!

माझ्या डोक्यात रिस्टोरेशन म्हणजे चकाचक पेंट, क्रोमचे बंपर आणि फोटो. पुण्यात एका ठिकाणी कोटेशन घेतलं, तर माझ्या चार ईएमआयची बेरीज निघाली. बारामतीचे एक जुने मिस्त्री गाडी बघायला आले. त्यांनी पेंटकडे बघितलंसुद्धा नाही. खाली आडवे झाले, चाकामागे हात घातला आणि म्हणाले, ‘आधी थांबायची सोय बघा. मग पळायची. दिसायचं शेवटी.’

हा क्रम मी तेव्हापासून पाठ केलाय. आधी ब्रेक : चारही व्हील सिलिंडरचे रबरी वायसर, लायनर, नवं ब्रेक ऑइल. मग पेट्रोलची लाइन. मग वायरिंग, कारण शेडमधल्या उंदरांना ते फार आवडलं होतं. मग पत्रा. गंज कापून नवा पत्रा जोडायचा, नुसती लांबी भरून वरून रंग मारायचा नाही, नाहीतर दोन पावसाळ्यांत फुगे येतात. आणि सगळ्यात शेवटी रंग.

स्पेअर पार्ट हा वेगळाच खेळ. पद्मिनीचं उत्पादन २०००च्या सुमारास थांबलं. तरी मुंबईत टॅक्सी होत्या तोवर पार्टना गिऱ्हाईक होतं. ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. आता एका दरवाजाच्या हँडलसाठी मी पुण्याच्या जुन्या बाजारात अख्खा रविवार घालवलाय. हँडल मिळालं, पण डाव्या बाजूचं. मला उजवं हवं होतं!

गाडी चालू झाली आणि मी हवेत गेलो. मग पावसाळा आला, ऑफिसात रिलीज आली, आणि चार महिने पणदऱ्याला जाणंच झालं नाही. जाताना मात्र शहाणपणा केला होता. टाकी फुल ठेवली की आतून गंजत नाही, हा जुना सल्ला ऐकून टाकी काठोकाठ भरली होती.

दसऱ्याला पूजेसाठी गाडी बाहेर काढायची, तर सेल्फ नुसता कण्हतोय. मिस्त्रींनी कार्बोरेटर खोलला. आतली रबरं फुगलेली, जेटमध्ये तांबडा गाळ, पेट्रोलचा पाइप हाताला चिकट लागतोय. टाकीच्या तळाला चक्क पाणी.

कारण? इथेनॉल. पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण २०२२ मध्ये दहा टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर गेलं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. गाडी रोज चालत असेल तर फरक पडत नाही, पेट्रोल जुनं व्हायच्या आत जळून जातं. पण उभ्या गाडीत ओल साठत जाते आणि एका मर्यादेपलीकडे पाणी नि इथेनॉल वेगळं होऊन खाली बसतं. शिवाय पन्नास वर्षांपूर्वीची रबरं काही इथेनॉलसाठी बनवलेली नव्हती.

आणि हे इथेनॉल येतं कशापासून? उसापासूनसुद्धा! मी हे समजावून सांगितल्यावर मामा पोट धरून हसले. ‘म्हंजे आपलाच ऊस आपल्याच गाडीला बाधला की रं!’ थोडं थांबून म्हणाले, ‘उसाची काय चूक न्हाई. बैल नि गाडी, बांधून ठिवली की बिघडत्यात.’

याच वाक्यावर आमचा दुसरा प्रश्नही सुटला. २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात असलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. फी वीस हजार, नोंदणी दहा वर्षांची, आणि नंबरप्लेटवर ऐटदार ‘व्हीए’. (जाणकार मंडळी १९१९ ते १९३० च्या गाड्यांनाच व्हिंटेज म्हणतात, पण कागदावर आमची पद्मिनीही बसते.) मी फॉर्म भरायच्या तयारीतच होतो. मग अट वाचली. अशी गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती असल्या कामांसाठीच रस्त्यावर आणायची. रोजच्या वापराला नाही. म्हणजे बारामतीला बी-बियाणं आणायला जायचं नाही. म्हणजे पुन्हा बांधून ठेवणं! प्लेटचा मोह सोडला. साधी नोंदणी, दर पाच वर्षांनी फिटनेस. कटकट आहे, पण गाडी चालते.

तुमच्याही गावी अशी एखादी फियाट, अँबॅसिडर किंवा जीप उभी असेल, तर रंगाचं कोटेशन मागायच्या आधी एवढं करा. पेट्रोलचे पाइप आणि कार्बोरेटरचं किट इथेनॉल सोसणाऱ्या रबराचं टाका. पारदर्शक फिल्टर बसवा, गाळ डोळ्यांना दिसतो. महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करा. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला. आणि पंधरा दिवसांतून एकदा इंजिन चांगलं तापेपर्यंत, निदान दहा-पंधरा किलोमीटर चालवा. जागेवर चालू करून बंद करणं म्हणजे चालवणं नव्हे. वेळ नसेल तर जो चालवेल त्याला देऊन टाका. त्यात कमीपणा नाही.

मी आता एक आड एक शनिवार जातो. पॉइंट घासतो, पाणी-ऑइल बघतो, आणि आम्ही दोघं बारामतीपर्यंत चक्कर मारून येतो. रंग अजून व्हायचाच आहे. किल्ली मामांनी अजून मला दिलेली नाही, ती त्यांच्या खुंटीवरच असते. पण गेल्या खेपेला ते आपणहून डाव्या बाजूला जाऊन बसले. पूर्ण रस्ताभर गप्प. माळेगावपाशी मी दुसरा गिअर खरकन टाकला, तेव्हा फक्त एवढंच म्हणाले,

‘क्लच पुरता दाब. ती म्हातारी हाय, बहिरी न्हाई.’