चहाच्या व्यापाऱ्याने उभारलेला विसावा

मैत्रिणींनो, ओळखीच्या घरात कुणाला मधुमेह झाला, तर आपण लगेच पथ्याचे चार पदार्थ सुचवतो. पण मनाचा आजार झाला, तर? "त्यांच्या मधल्या सुनेचं जरा..." एवढंच बोलतो आणि पुढचं हाताच्या खुणेने सांगतो. भेटायला तर जातच नाही. अशाच एका न झालेल्या भेटीतून इंग्लंडात काय घडलं, ते आज सांगते.

१७९० साली यॉर्क शहरातल्या वेड्यांच्या इस्पितळात हॅना मिल्स ही विधवा दाखल झाली. ती क्वेकर या ख्रिस्ती पंथाची. नातलग दूर राहणारे, म्हणून त्यांनी यॉर्कमधल्या पंथबंधूंना तिला भेटून यायला सांगितलं. इस्पितळाने भेट नाकारली. काही आठवड्यांतच हॅना वारली. आत तिचं काय झालं, कुणाला कळलं नाही.

ही गोष्ट विल्यम ट्यूक यांच्या मनाला लागली. ते काही डॉक्टर नव्हते, चहा-कॉफीचे व्यापारी होते. त्यांनी वर्गणी जमवली आणि १७९६ मध्ये शहराबाहेर 'रिट्रीट', म्हणजे विसावा, सुरू केला.

त्या काळी वेड्याला साखळदंड घालणं, मारणं, रक्त काढणं हेच उपचार. इथे मात्र घरासारखी व्यवस्था! खिडक्यांच्या चौकटी लोखंडी, पण लाकडी वाटाव्यात अशा रंगवलेल्या, म्हणजे तुरुंग वाटायला नको. अंगणात ससे आणि कोंबड्या. मुक्या जिवांशी रुग्णांचं मन रमे. बायका शिवणकाम करीत. देखरेख करणाऱ्या बाई त्यांना चहाला बोलावीत आणि त्या ठेवणीतले कपडे घालून येत. झोप येत नसेल, तर अफूऐवजी पोटभर जेवण देत. हे तर आपल्याला सहज पटेल, नाही का?

एकदा एका धिप्पाड माणसाला साखळ्या घालून आणलं. इथे आल्याबरोबर त्या काढल्या आणि त्याला व्यवस्थापकांच्या पंगतीला जेवायला बसवलं. चारेक महिन्यांत तो बरा होऊन घरी गेला. ट्यूक यांचे नातू सॅम्युएल यांनी १८१३ मध्ये हे सारं पुस्तकात लिहिलं आणि ही पद्धत दूरवर पोचली.

सगळंच गोड होतं असं मात्र नाही. क्वचित रुग्णाला बांधावंही लागे. आणि नुसत्या मायेने प्रत्येक आजार बरा होत नाही; आज औषधं आहेत, ती घ्यायलाच हवीत. पण औषधाइतकीच माणसंही लागतात. आपल्याकडे १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी आवारात तंबू ठोकून नातलगांना रुग्णाजवळ राहू दिलं, ते याचसाठी.

आता थोडं आपल्यापुरतं. घरात कुणी आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, जेवत नसेल, एकटंच बोलत असेल किंवा जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा करीत असेल, तर अंगारे-धुपारे करण्यात दिवस घालवू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करा. २०२२ पासून 'टेलिमानस' ही सरकारी सेवाही आहे. १४४१६ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. आणि रुग्णाला साखळीने बांधणं आता गुन्हा आहे; २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने त्याला पूर्ण मनाई केली आहे, मग ते बांधणं घरच्यांनी कितीही नाइलाजाने केलेलं असो.

बाळंतपणानंतर सून गप्प गप्प झाली, तर "नखरे करते" म्हणून सोडून देऊ नका. तीही आजारीच असू शकते. आणि शेजारच्या घरातली अशी कुणी इस्पितळातून परत आली, की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिलाही बोलवा. इतरांसारखंच वाण द्या आणि शेजारी बसवून घ्या.