कायदा आणि तुम्ही : उपचाराच्या घोड्यांना करमाफी?

प्रश्न : मी शंकर नगर, रायपूर येथे राहते. माझ्या ९ वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली त्याला घोड्यावर बसवू लागल्यापासून तो तोल सावरू लागला आहे. आम्ही काही पालकांनी संस्था नोंदवून सासऱ्यांच्या शहरातल्याच मोकळ्या जागेवर दोन घोडे ठेवले आहेत. गरीब मुलांकडून पैसे घेत नाही. खर्च भागावा म्हणून लग्नसराईत घोडे वरातीला देतो. सासऱ्यांना दरमहा थोडे भाडे देतो. जागेचा कर माफ होईल का? न झाल्यास चाऱ्याच्या पैशातूनच तो भरावा लागेल.
— एक आई

उत्तर : तुमची धडपड कौतुकास्पद आहे, पण संस्था नफा कमावत नाही, एवढ्यावर करमाफी मिळत नाही. जागेचा वापर कशासाठी होतो, हे पाहिले जाते.

तुमच्याकडे छत्तीसगढ नगरपालिक निगम अधिनियम, १९५६ लागू आहे. कलम १३६ नुसार केवळ सार्वजनिक धर्मादायासाठी वापरलेल्या जागेला संपत्ती करातून सूट आहे. उदाहरणादाखल धर्मशाळा, रुग्णालय, अनाथालय, इतकेच काय, जनावरांचे शुश्रूषागृहही तेथे दिले आहे. घोड्यांच्या साहाय्याने होणारा उपचार त्यात नाही. पण ही वैद्यकीय मदतच आहे, असे तुम्ही मांडू शकता.

अडचणी दोन आहेत. जेथे धंदा चालतो ती जागा 'केवळ धर्मादाय' धरली जात नाही. म्हणून वरातीचे काम बंद करा किंवा ते घोडे दुसरीकडे बांधा. जागेच्या एखाद्या भागापुरतीही सूट मागता येते. दुसरी अडचण भाड्याची. ते सासऱ्यांच्या घरखर्चात जात असेल, तर माफी हातची जाईल. जागा विनामोबदला दिल्याचे त्यांच्याकडून लिहून घ्या.

अर्जाला नोंदणीपत्र, तपासलेले हिशेब, मुलांची नोंदवही व फिजिओथेरपिस्टचे पत्र जोडा. देणग्यांच्या पावत्या जपा. दिल्लीच्या चिल्ड्रन्स बुक ट्रस्टच्या खटल्यात १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने तेथील कायद्यानुसार लोकांच्या देणग्यांचा आधार महत्त्वाचा मानला होता.

माफी मिळाली तरी पाणीपट्टी वगैरे भरावीच लागेल. महाराष्ट्रातील महानगरपालिकांच्या १९४९ च्या अधिनियमातही कलम १३२ ची सूट सर्वसाधारण करापुरतीच आहे.

अर्जाची पोच घ्या, निर्णय लेखी मागा. मात्र त्याआधी सासऱ्यांशी बोला. त्यांनी ते थोडे भाडे सोडले, तर नातवाचे आणि त्याच्यासारख्या मुलांचे काम सोपे होईल.