गृहिणीचा अर्धा तास

व्यायामाचे महत्त्व महाराष्ट्राला नव्याने सांगावे लागत नाही. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा आयुष्यभर ध्यास घेतला. आपल्या संस्थानातील शाळांत ते रुजवले. तरीही आज व्यायाम म्हटले की घरातील तरुण मुलगाच डोळ्यांसमोर येतो. गृहिणीविषयी मात्र ‘ती दिवसभर राबतेच, तिला निराळा व्यायाम कशाला?’ असे म्हणून विषय संपविला जातो.

हा समज घातक आहे. केरवारा, स्वयंपाक यांत हालचाल होते, शीणही येतो. परंतु नाडीचा वेग वाढविणारी सलग गती आणि स्नायूंना बळ देणारा भार त्यात क्वचितच असतो. काम करणारा स्नायू रक्तातील साखर वापरतो; भार पेलणारे हाड बळकट राहते. रजोनिवृत्तीनंतर हाडांची झीज वाढते, तेव्हा हीच पुंजी उपयोगी पडते.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचे बलवर्धन सुचविले आहे. तिच्याच २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतातील सुमारे ५७ टक्के स्त्रियांची शारीरिक हालचाल अपुरी आहे. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के आहे.

या तफावतीचे एक मोठे कारण घरातील वेळेच्या वाटणीत आहे. आठवड्यातील पाच दिवस सकाळचा चहा आणि डबे इतरांनी अर्धा तास सांभाळले, तरी ते १५० मिनिटे तिच्या पदरी पडतात. एवढे तरी प्रत्येक कुटुंबाने उद्यापासून करावे.